कोल्हापूर ते कुपवाड रोज १०४ किलोमीटर, पेट्रोलनं खिसा फाडलाय, काय करू?

रंकाळ्याकडचा

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. राहायला रंकाळ्याच्या अंगाला आणि नोकरी कुपवाड एमआयडीसीत, जाऊन-येऊन १०४ किलोमीटर, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे महिन्याचे २६०० धरा. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ चं इंजिन, ८६ हजार पळालीय. आधी साडेसतराचं ॲव्हरेज डोळे झाकून द्यायची, खरं गेल्या पावसाळ्यापासनं घसरत घसरत आता १४.८ वर आलीय. लिटरला १०५ धरले तर महिन्याला १८ हजार ४०० नुसते पेट्रोलला, माझा घराचा हप्ता पण एवढा नाही.

तिकडंच खोली बघ म्हणू नका, आई-बाबा इथं आहेत आणि पोरीची शाळा पण इथंच, तो विषय घरात तीन वेळा होऊन मिटलाय.

आतापर्यंत काय काय करून बघितलं ते सांगतो. एक महिना एसी बंद ठेवून काच खाली करून गेलो, हातकणंगल्यापर्यंत उसाच्या ट्रॉलीची धूळ खाल्ली, शर्टाची कॉलर रोज काळी, ॲव्हरेजमध्ये काही जाणवलं नाही. पेट्रोलमध्ये ओतायची एक बाटली घेतली ४५० रुपयांची, तिनं फक्त ४५० रुपये कमी केले. सर्व्हिसिंगला टाकली तिथं (नाव घेत नाही) गाडी धुऊन, चकाचक करून, सेंटचा फवारा मारून दिली आणि म्हणाले गाडी ओके आहे सर, तुमचं ड्रायव्हिंग असेल. आता मी पंधरा वर्षं गाडी चालवालोय, एकदम पावसाळ्यात ड्रायव्हिंग कसं काय बिघडेल?

तर प्रश्न असे की, १) निपाणीला जाऊन टाकी फुल करून आणली तर परवडतं का, ऑफिसातले दोघं तसं करतात म्हणे २) सीएनजी कीट बसवू का ३) हे इथेनॉलमुळं झालंय का, असेल तर मग बोलायचंच काय. आणि हो, कबूल करतो, सकाळी मला रोज दहा मिनिटं उशीर असतोच, त्यामुळं सांगली फाटा सोडला की जरा दाबतो.

तांबडा_जास्त_पांढरा_कमी

भावा निपाणीचा हिशोब मी देतो, कारण मी हा शहाणपणा केलाय. निपाणी इथनं ४० किलोमीटर, जाऊन-येऊन ८०, तुझ्या गाडीच्या ॲव्हरेजनं साडेपाच लिटर म्हणजे साधारण पावणेसहाशे रुपये, वर कोगनोळीचा टोल. तिकडचा दर इकडच्यापेक्षा लिटरमागं दोन-तीन रुपयांनी कमी आहे असं धर (हा फरक पण सारखा खालवर होतोय, कर्नाटकनं २०२४ च्या जूनमध्ये टॅक्स वाढवला तवा बराच आटला), ३५ लिटरच्या टाकीवर वाचले शंभर. म्हणजे शंभर वाचवायला सहाशे घातले, आणि तिथं भूक लागते ती वेगळीच. बेळगावला पाहुण्यांकडं जाणं-येणं असंल तर येताना भरून घे, मुद्दाम जाऊ नको. आणि तुझी नोकरी उलट्या दिशेला आहे रे मर्दा, कुपवाडला जाणारा माणूस पेट्रोलला निपाणीला कुठं चाललाय 😂

उसाच्या_फडातनं

इथेनॉलवर सगळं खापर फोडायच्या आधी जरा पाटी-पेन्सिल घेऊया का. मी हातकणंगले तालुक्यातला, घरी ऊस आहे, कारखान्याचं बिल वेळेवर आलं तर मला इथेनॉल गोडच लागणार हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ताकद साधारण दोन तृतीयांश, एक तृतीयांश कमी. आधी पेट्रोलमध्ये १० टक्के असायचं, आता २० झालं (हे खरं २०३० पर्यंत व्हायचं होतं, सरकारनं अलीकडं ओढून २०२५ वर आणलं). म्हणजे तुझ्या टाकीत वाढलं किती, १० टक्के. त्याचा तिसरा हिस्सा तीन-साडेतीन टक्के. १७.५ च्या साडेतीन टक्के म्हणजे अर्ध्या किलोमीटरपेक्षा थोडं जास्त, ०.६. जुन्या गाडीचं इंजिन ह्या पेट्रोलसाठी ट्यून केलेलं नसतं म्हणून अजून थोडं धर, चल एक किलोमीटर माफ. म्हणजे १६.५ तरी यायला पाहिजे. तुझं १४.८ आहे. वरचा पावणेदोन किलोमीटर कुठं गेला? तो काय आमच्या उसानं खाल्ला नाही.

एवढंच आहे की गाडी २०१७ ची, २०२३ च्या एप्रिलपासनंच्या गाड्या २० टक्क्याला चालतील अशा मालाच्या येतात, तुझी त्याच्या आधीची, तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील तेवढे बघून घे म्हणावं. फुगलेत, चिरलेत का ते.

रंकाळ्याकडचा

@उसाच्या_फडातनं हे असं कोणी मांडून दाखवलं नव्हतं राव. मी आपला व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ बघून इथेनॉलला शिव्या घालत होतो.

गॅसवर_चाललोय

सीएनजीचं मी सांगतो, माझं उजळाईवाडी ते शिरोळ रोजचं, गेली अडीच वर्षं. तुझ्या २६०० किलोमीटरला किलोमागं २४ चं ॲव्हरेज धरलं तर १०८ किलो, किलोला ९० धरून पावणेदहा हजार. आणि गाडी आधीसारखी साडेसतरा देत असती तरी पेट्रोलला १५ हजार ६०० गेले असते. म्हणजे महिन्याला पावणेसहा हजाराचा फरक. चांगलं सिक्वेन्शियल कीट ५५-६० हजाराला धर, दहा-अकरा महिन्यांत वसूल. एवढं ऐकून लोक उडी मारतात, खरं पुढचं कोणी सांगत नाही.

डिकी संपली. गौरी-गणपतीला गावाकडं जाताना बॅगा मांडीवर. पंपावर लाइन, सकाळी सकाळी रिक्षावाल्यांच्या मागं नंबर लावून बसायचं, त्यात प्रेशर कमी असलं तर टाकी अर्धीच भरते आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच. आरसीवर नोंद करून घ्यायला आरटीओत खेप, इन्शुरन्सवाल्यांना कळवायचं, नाहीतर क्लेमच्या वेळी ते हात वर करणार. दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्ट. आणि ओव्हरटेकला दम लागतो, हेर्ल्याच्या पुढं डबल ट्रॉली पार करताना हे लक्षात येतं, अर्ध्यावर गेल्यावर नाही.

मला परवडतं म्हणून मी खूश आहे. खरं तुझी गाडी आत्ता आजारी दिसालीय, आजारी गाडीला कीट बसवू नको. ती गॅसवर पण तसाच गॅस खाईल.

पंपावर_खाली_उतरणारा

मंडळी पंपाचं पण बघा. ११० चं भरा, १०० चं नको, सकाळी गार असताना भरा, असलं सगळं उगाच आहे, टाकी जमिनीत असते, तिथं सकाळ-दुपार फार फरक पडत नाही. माप कमी वाटलं तर पंपावर ५ लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतंय, ते मागायचा आपल्याला हक्क आहे, समोर ओतून दाखवायला लावायचं. मी एकदा मागितलं तर पोरगं मॅनेजरला बोलवायला गेलं, मॅनेजर आला, माप बरोबर भरलं, मीच लाजलो. खरं मागायचं.

जयसिंगपूरच्या_बाई

मी अकरा वर्षं कोल्हापूर-जयसिंगपूर करते, शाळेत आहे. दोन गोष्टी सांगते.

पहिली, तुमचं १४.८ हे कुठून आलं? डॅशबोर्डवर दिसतं ते असेल तर त्यावर जाऊ नका, माझ्या गाडीचा तो आकडा नेहमी एक-दीडनं बढाई मारतो, म्हणजे तुमचं खरं त्याहूनही कमी असू शकतं. टाकी फुल करायची, नोझल आपोआप कट झालं की बास, पुढं थेंब थेंब टाकू द्यायचं नाही, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच कट होईपर्यंत भरायचं, जितकं बसलं त्यानं भागायचं. मी मागच्या शालेय वर्षाची उरलेली वही गाडीत ठेवलीय, तारीख, किलोमीटर, लिटर, आणि चौथ्या रकान्यात शेरा. शेऱ्यात "ऊस सुरू", "पाऊस", "हवा भरली" असं असतं. तीन-चार महिन्यांनी ती वही उघडली की गाडी स्वतःच बोलते. गळीत हंगाम सुरू झाला की माझं ॲव्हरेज एक किलोमीटरनं पडतं, दरवर्षी, कारण ट्रॉलीमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जायचं आणि मग जागा मिळाली की जोर लावायचा.

दुसरी, रेल्वेचं नाव कोणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. कोल्हापूर-मिरज पॅसेंजर तुमच्यासाठीच आहे. सेकंड क्लासचा महिन्याचा पास तुमच्या एका दिवसाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतो, एका दिवसाच्या, हिशोब करून बघा, तुम्ही दिवसाला सात लिटर जाळताय. मान्य आहे की सिंगल लाइन आहे, क्रॉसिंगला रुकडीत नाहीतर हातकणंगल्यात थांबली की बसून राहावं लागतं. मी तेवढ्यात वह्या तपासते. आमच्या डब्यात एक ग्रुप आहे, त्यातल्या दोघींनी गेल्या वर्षी डब्यातच स्वेटर विणून संपवले.

रंकाळ्याकडचा

ताई १४.८ डॅशबोर्डचंच होतं 😐 आज टाकी फुल केलीय, वही घेतलीय (पोरीची जुनी, वर कार्टून आहे). रेल्वेचं असं की मिरज स्टेशनवर उतरून पुढं कुपवाडला कसं जायचं, आणि सेकंड शिफ्टला सुटायला रात्र होते, तवा परतीला गाडी मिळत नाही. पहिल्या शिफ्टला जमेल कदाचित.

निवृत्त_स्टेअरिंग

पोरा मी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली चौदा वर्षं कोल्हापूर डेपो. आमच्यात दहा लिटरला किती किलोमीटर काढले असा हिशोब लागायचा, ज्याचा आकडा कमी त्याला साहेब बोलवून घेत. तर मला एक सांग, ह्या सगळ्या भानगडीत तू गाडी ढकलून बघितलीस का?

हसू नका. सपाट जागा बघायची, गाडी न्यूट्रल करायची, हँडब्रेक सोडायचा, आणि मागं जाऊन एकट्यानं रेटायची. एवढी लहान गाडी एका माणसाच्या जोरानं हलली पाहिजे आणि हलली की आपली आपण दोन पावलं पुढं गेली पाहिजे. रेटताना जड लागली, रेटणं थांबवलं की जागेवर थांबली, तर कुठंतरी ब्रेक धरालाय. दुसरं, सांगलीहून आलास की घरी पोचायच्या आधी जिथं ब्रेक फारसा मारावा लागत नाही अशा ठिकाणी थांब आणि चारी चाकांजवळ हात धरून बघ. हात लावू नको, भाजशील, नुसता जवळ धर. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असलं तर चोर सापडला.

बाकी आम्ही काय करायचो, उतार आला की न्यूट्रल. पन्हाळ्यावरनं वाघबीळपर्यंत गाडी पाण्यासारखी यायची.

चिकित्सक_कागलकर

काका बाकी सगळं शंभर नंबरी, खरं न्यूट्रलचं ह्या गाडीला सांगू नका. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरनं पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो, चाकंच इंजिन फिरवतात, खर्च शून्य. न्यूट्रल केली की इंजिनला स्वतःला चालू राहायला पेट्रोल लागतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जातं. आणि घाटात न्यूट्रल म्हणजे इंजिनचा ब्रेक गेला, सगळा भार ब्रेक पॅडवर, ते तापले की मग देव बघतो.

निवृत्त_स्टेअरिंग

असंल बाबा. आमच्या गाड्यांना कॉम्प्युटर नव्हता, कंडक्टर होता. बरोबर आहे तुझं, घाटात तर आम्हाला पण बंदीच होती, आम्ही करायचो ते चुकीचंच. खरं ढकलून बघायचं राहू देऊ नको रे रंकाळ्याच्या.

चिकित्सक_कागलकर

आणि @रंकाळ्याकडचा तू ते "जरा दाबतो" एका ओळीत उरकलंस, त्यावर बोलूया. सांगली फाटा ते जयसिंगपूर, मध्ये गावं, स्पीडब्रेकर, हातकणंगल्याचा बाजार सगळा वगळला तर मोकळा रस्ता किती, २० किलोमीटर धरू. ९० नं गेलास तर १३ मिनिटं, ७० नं गेलास तर १७. चार मिनिटं वाचवालास. आणि त्या चार मिनिटांसाठी हवा दीडपटीपेक्षा जास्त जोरानं तुला मागं ढकलालीय, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, ९० भागिले ७०, त्याचा वर्ग कर. ते पण तू ९० वर सलग जात नाहीस, ९० करतोस, चोकाकला स्पीडब्रेकर आला की ब्रेक, परत ९०, अतिग्र्याला ब्रेक. पेट्रोल जाळून जो वेग केला तो ब्रेकच्या लायनरवर घासून टाकला. पुढं स्पीडब्रेकर आहे हे रोजच्या माणसाला तोंडपाठ असतंय की, दोनशे मीटर आधी पाय उचल, गाडी आपोआप येते.

चार मिनिटंच पाहिजेत तर गजर चार मिनिटं आधी लाव. फुकट आहे.

रंकाळ्याकडचा

काका. निवृत्त_स्टेअरिंग काका. तुमच्या पाया पडतो.

काल येताना केलं तुम्ही म्हणालात तसं. शिरोलीच्या पुलाच्या अलीकडं मोकळी जागा बघून थांबलो, उतरलो, पुढची दोन चाकं कोमट, मागचं उजवं गारच म्हणा. मागच्या डाव्याजवळ हात नेला आणि लगेच मागं घेतला, वाफ आल्यासारखी धग, आणि वास यालता, इस्त्री कापडावर जास्त वेळ ठेवल्यावर येतो तसला. हा वास मला आधी पण यायचा. मला वाटायचं पुढच्या ट्रकचा असंल. पाच-सहा महिने मी पुढच्या ट्रकला नावं ठेवालोय.

मग सकाळी अपार्टमेंटच्या खाली ढकलून बघितली. वॉचमन आणि मी दोघांनी मिळून हलली, आणि सोडली की गप उभी. वॉचमन म्हणाला साहेब हँडब्रेक राहिलाय. राहिला नव्हता.

उद्यमनगरातला_फिटर

ही केस आमच्याकडं पावसाळ्यानंतर आठवड्याला एक तरी येते. मागं ड्रम ब्रेक असणार ह्या गाडीला. हँडब्रेकची केबल आतनं गंजते, ओढली की जाते, सोडली की पूर्ण मागं येत नाही, लायनर ड्रमला घासत राहतं. पावसात भिजलेली गाडी नाहीतर धुतलेली गाडी लगेच हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस लावून ठेवली की हे लवकर होतं. कधी व्हील सिलिंडर पण जाम असतो, ड्रम उघडल्याशिवाय कळत नाही. सर्व्हिसिंगला ड्रम उघडायचा कंटाळा करतात बरेच जण, वरवर हवा मारतात. उघडून साफ करायला सांगा, उघडला ते डोळ्यानं बघा. चालवायचं टाळा तोवर, लायनर जळालं तर ऐन वेळेला ब्रेक लागणार नाही.

आणि हो, हवा. पंक्चरवाला डोळे झाकून ३५-४० मारतो नाहीतर तुम्ही दोन महिने बघतच नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, किती पाहिजे ते त्याच्यावर लिहिलेलं असतं, माणसं किती बसणार त्याप्रमाणं. टायर गार असताना बघायची, पळून आल्यावर तीन-चार पॉइंट जास्तच दाखवते. घरनं जवळच्या पंपावर सकाळी.

तांबडा_जास्त_पांढरा_कमी

म्हणजे भाऊ सहा महिने हँडब्रेक ओढून सांगलीला जालता. विषय हार्ड.

रंकाळ्याकडचा (पाच आठवड्यांनी)

आलो परत. मधनं दोघं-तिघं विचारत होते म्हणून वहीतलं लिहितो, बाईंनी सांगितलेल्या पद्धतीनं, टाकी ते टाकी.

दुरुस्तीच्या आधीचा खरा आकडा निघाला १३.९. डॅशबोर्ड म्हणत होता १४.८. ताई तुमच्या गाडीसारखीच माझी पण बढाईखोर.

उद्यमनगरात ड्रम उघडला तेव्हा उभा होतो, आतनं काळी भुकटी पडली ओंजळभर, केबल हातानं ओढली तर मागं जाईचना, मिस्त्रीनं तिला तेल सोडून बघितलं आणि मग टाकून दिली. नवीन केबल, लायनर, साफसफाई, मजुरी धरून २३०० रुपये. सर्व्हिसिंगला त्याच्या दुप्पट देऊन आलतो.

त्यानंतरची पहिली टाकी १६.२. दुसऱ्या टाकीच्या आधी हवा भरली (चारीत २५-२६ होती, स्टिकरवर ३० लिहिलंय) आणि डिकीतनं फरशीचे उरलेले दोन बॉक्स काढले, ते दिवाळीपासनं फिरालते माझ्यासोबत कुपवाडला, १६.६. तिसऱ्या टाकीला ७०-७५ च्या वर गेलो नाही, स्पीडब्रेकर आधी पाय उचलायचा, १७.३. एसी सगळ्या टाक्यांना चालू होता, सांगून ठेवतो. साडेसतरा काही आलं नाही, ते बहुतेक खरंच उसाच्या_फडातनं म्हणतो तसं इथेनॉलचं असणार, किंवा ते साडेसतरा पण डॅशबोर्डचंच होतं, आता कुठं तपासायचं.

चार मिनिटांचं पण खरं निघालं. उशिरा पोचायचो तितकाच उशिरा पोचतो, ऑफिसात कुणाला फरक कळला नाही.

सीएनजी सध्या थांबवलंय. पहिली शिफ्ट असते त्या आठवड्यात दोन दिवस रेल्वेनं जातो, पास काढलाय, मिरजेत कंपनीतला एक जण स्टेशनवरनं दुचाकीवर उचलतो, त्याला चहा माझ्याकडं. मागच्या आठवड्यात क्रॉसिंगला रुकडीत पंचवीस मिनिटं बसलो तेव्हा गाडीची फार आठवण आली, खोटं कशाला बोलू. खरं महिन्याचं पेट्रोल १८ हजाराचं होतं ते ह्या महिन्यात साडेबारा हजारावर आलंय.

काका, रंकाळ्यावर कधी येताय सांगा, भेळ माझ्याकडनं.

निवृत्त_स्टेअरिंग

भेळ नको, पित्त होतं. दुसऱ्या बाजूची केबल बदललीस का? एक गेली की दुसरी पण त्याच वयाची असते.

रंकाळ्याकडचा

...नाही बदलली. शनिवारी टाकतो.

आणि एक, गाडीनं जातो त्या दिवशी मागच्या दोन सीट रिकाम्या असतात. ताराराणी चौक, सांगली फाटा नाहीतर हेर्ल्यातनं कुपवाड-मिरजेला पहिल्या शिफ्टला जाणारं कोणी असलं तर मेसेज टाका, पेट्रोल वाटून घेऊ, भाडं-बिडं नको, पांढऱ्या पाटीची गाडी आहे. सांगली फाट्यावर थांबायला जागा नाही, पुलाच्या अलीकडं उभं राहावं लागेल. आणि मावा-तंबाखू खाणारा नको, काच खाली करणार नाही मी आता.